दहा महिन्यांचे बाळ आणि टिटलिसचा बर्फ

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"आम्ही नाशिकला राहतो. सासरे मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि स्वित्झर्लंड पाहण्याची त्यांची फार जुनी इच्छा आहे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सासू-सासरे, यजमान, मी आणि बाळ असे सगळे दहा दिवसांसाठी जाण्याचे ठरत आहे. तेव्हा बाळ दहा महिन्यांचे असेल. ते अंगावर पिते आणि वरचे खाणेही सुरू झाले आहे. सासऱ्यांनी एका टूर कंपनीची पाच देशांची सहल पाहून ठेवली आहे, कारण तिथे जेवणाची चिंता नाही. माहेरचे म्हणतात, एवढ्याशा बाळाला नेऊ नका, त्याला काय आठवणार आहे? यजमान म्हणतात, उंच डोंगरावर जायचे त्या दिवशी बाळाला घेऊन तू हॉटेलवर थांब. मला बर्फ पाहायचा आहे. बाळाला वर नेता येईल का? की प्रवासच एक वर्ष पुढे ढकलावा?"

सप्रेम नमस्कार.

टिटलिस आणि युंगफ्राऊयोख ही स्वित्झर्लंडमधली बर्फाची दोन उंच ठिकाणे. बाळाला त्यांच्या माथ्यावर नेऊ नये, असे माझे मत आहे. परंतु त्यासाठी तुम्ही हॉटेलवर बसून राहण्याचे मात्र काहीही कारण नाही. या दोन गोष्टी तुमच्या घरी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या सुटल्या की बाकीचे नियोजन सोपे होईल.

आधी उंचीचा प्रश्न घेऊ. युंगफ्राऊयोखचे स्थानक समुद्रसपाटीपासून 3454 मीटरवर आहे आणि टिटलिसचे वरचे स्थानक 3020 मीटरवर. युंगफ्राऊयोखवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. त्यातच, पूर्वी जो चढ चढायला दिवस लागायचे तो आता पायथ्याच्या ग्रिंडेलवाल्ड गावाहून नवी गोंडोला (तारेवरून जाणारा पाळणा) आणि पुढची रेल्वे मिळून तासाभराच्या आत पार होतो, आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. मोठ्या माणसाचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा धाप लागली तर तो सांगतो आणि खाली उतरतो. दहा महिन्यांचे बाळ फक्त किरकिर करते, प्यायला नको म्हणते किंवा नेहमीपेक्षा मरगळते, आणि ही सगळी लक्षणे झोप अपुरी झालेल्या, कंटाळलेल्या कोणत्याही बाळात दिसतात. वर थंडी असते, वारा असतो, आणि बर्फावरून परावर्तित होणारे ऊन कोवळ्या कातडीला व डोळ्यांना चांगलेच बाधते. अनेक पालक तान्ह्या मुलांना तासाभरासाठी वर नेतात आणि बहुतेकांचे काही बिघडत नाही, हेही मी मान्य करते. पण त्या तासाभरात बाळाला मिळणार काय? धोका थोडा असला तरी लाभ शून्य आहे, आणि ज्या व्यवहारात लाभ शून्य आहे त्यात थोडा धोकाही पत्करण्याचे कारण मला दिसत नाही. बाळाला सर्दी असेल, ते अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले असेल किंवा हृदयाची, श्वासाची कोणतीही तक्रार असेल, तर हा विषय चर्चेचाही नाही. तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा शब्द अखेरचा.

मग बाळासाठी मर्यादा कोठे आखावी? ज्या विमानाने तुम्ही जाणार आहात त्याच्या आतला दाबही साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो, आणि निरोगी बाळे त्यात आठ-नऊ तास सुखाने झोपतात. म्हणून दिवसापुरते दोन हजार मीटरच्या आसपास जाऊन यायला आणि रात्री त्याहून बऱ्याच खाली झोपायला निरोगी बाळाच्या बाबतीत सहसा अडचण येत नाही. ही मर्यादा पाळूनही स्वित्झर्लंडमध्ये पाहण्यासारखे इतके काही उरते की दहा दिवस अपुरे पडावेत.

टिटलिसच्या बाबतीत तर भूगोलच तुमच्या मदतीला येतो. ल्युसर्न शहराहून टिटलिसच्या पायथ्याच्या एंगेलबर्गला थेट रेल्वेने पाऊण तासात पोहोचता येते. तेथून माथ्यापर्यंतचा प्रवास एका दमात होत नाही. मध्ये सुमारे 1800 मीटरवर ट्रुबसे नावाचा थांबा आहे. तेथे एक तळे आहे, तळ्याभोवती बाबागाडी ढकलता येईल अशी वाट आहे, मुलांना खेळायची जागा आहे आणि बसून जेवण्याचीही सोय आहे. सगळ्यांनी सकाळी तेथपर्यंत एकत्र जावे. तेथे तुम्ही बाळाला पाजावे आणि लगेच सासू-सासऱ्यांबरोबर वर जावे. पुढे आधी साध्या आणि शेवटी फिरत्या, तारेवरून जाणाऱ्या पाळण्यातून (केबल कारमधून) माथ्यावर पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. 1992 मध्ये सुरू झालेला हा फिरता पाळणा वर जाताना स्वतःभोवती गोल फिरतो आणि जगात अशा प्रकारचा पहिलाच होता. वर हिमनदीच्या पोटातली बर्फाची गुहा आहे, झुलता पूल आहे आणि जूनमध्येही हातात घेता येईल असा बर्फ आहे. दोन तास त्याला पुरतात आणि पुढच्या पाजण्याच्या वेळेला तुम्ही परत खाली असता. तोवर तुमचे यजमान बाळाला बाबागाडीत घालून तळ्याला फेऱ्या मारतील आणि बहुधा सकाळची झोपही त्याच फेऱ्यांमध्ये होऊन जाईल. मग ते वर जातील, तुम्ही खाली थांबाल, आणि सासू-सासरे तळ्याकाठी निवांत जेवतील.

हा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे. आधी यजमान व त्यांचे आईवडील वर आणि "तू मग जा" असे ठरले, तर दुपारी ढग येतात, बाळ रडू लागते, सासूबाई दमतात आणि "राहू दे आता, पुढच्या वेळी" असे तुम्ही स्वतःच म्हणून मोकळ्या होता. आपल्या घरांमध्ये हे असे होते, आणि त्यात कोणाचा दुष्टपणा असतो असेही नाही; बाळाला आईच लागते हे सगळ्यांनी इतके गृहीत धरलेले असते की दोन तास वडिलांजवळ ते राहील ही शक्यता कोणाच्या मनातच येत नाही. त्यासाठी आतापासून नाशिकलाच सराव करा. आठवड्यातून दोन-तीनदा बाळाचे एक खाणे आणि एक झोप पूर्णपणे यजमानांकडे सोपवा आणि तुम्ही त्या वेळी घराबाहेर जा. घरात राहून शेजारच्या खोलीतून सूचना देत राहिलात तर तो सराव होत नाही.

युंगफ्राऊयोख मात्र तुमच्या यादीतून काढून टाकावे असे मी सुचवेन. उन्हाळ्यात सवलतीच्या पासाशिवाय खालच्या इंटरलाकेन गावाहून जाण्यायेण्याचे तिकीट माणशी 200 फ्रँकांच्या वर जाते, दिवस जवळजवळ पूर्ण मोडतो आणि टिटलिसवर जो बर्फ पाहिला तोच पुन्हा पाहायचा असतो. सासऱ्यांचा त्यावरच जीव असेल तर त्यांच्या मुलाने एक दिवस आईवडिलांना घेऊन जावे आणि त्याच्या मोबदल्यात दुसरा एक संपूर्ण दिवस तुमचा असावा, ज्या दिवशी तुम्ही जिथे म्हणाल तिथे सगळे जातील. आणखी एक गोष्ट, जी पत्रात नाही पण विचारायला हवी: सासू-सासऱ्यांपैकी कोणाला रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे का? असल्यास तीन हजार मीटरचा प्रश्न बाळाइतकाच त्यांचाही आहे आणि त्यांनीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावे. वर पोहोचल्यावर सावकाश चालावे, जिने घाईने चढू नयेत.

आता रिगी. भारतातून जाणाऱ्या सहलींमध्ये हे नाव टिटलिसइतके ऐकू येत नाही, पण बाळाबरोबरच्या प्रवासात मी त्याला पहिला क्रमांक देईन. रिगी कुल्म हे शिखर 1798 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम दीडशे मीटरने जास्त. ल्युसर्नच्या धक्क्यावरून बोटीने सुमारे तासाभरात विट्स्नाऊला जायचे आणि तेथे धक्क्यासमोरच उभ्या असलेल्या दातेरी रुळांच्या रेल्वेत बसायचे. ही रेल्वे 1871 मध्ये सुरू झाली आणि युरोपातली अशी पहिलीच डोंगरी रेल्वे होती. अर्ध्या तासात ती थेट शिखराजवळ नेऊन सोडते. कोठे पाळणा बदलायचा नाही, कोठे धावपळ नाही. समोर बर्फाच्छादित आल्प्सची रांग दिसते, पायाखाली हिरवे गवत असते आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. खरे सांगायचे तर स्वित्झर्लंड म्हणून जे चित्र आपल्या मनात असते ते टिटलिसच्या गर्दीपेक्षा येथेच अधिक भेटते. उतरताना रिगी काल्टबाद या स्थानकावर उतरा. तेथून फर्स्ट नावाच्या ठिकाणापर्यंत सपाट वाट जाते. तिच्यावरून बाबागाडी सहज जाते आणि सासूबाईंनाही चालणे जड जाणार नाही. काल्टबादहून पाळण्याने वेगिसला उतरून परतीची बोट धरता येते, म्हणजे गेलेल्या वाटेने परत यावे लागत नाही. डोंगरावरून उतरताना बाळाला पाजत राहावे किंवा बाटलीने पाणी द्यावे. गिळताना कानातला दडा सुटतो. विमान उतरू लागते तेव्हाही हेच करायचे असते, आणि त्यासाठी उतरण्याच्या अर्धा तास आधी बाळाला पोटभर पाजून ठेवायचे नसते.

टूर कंपनीच्या सहलीविषयी माझे मत स्पष्ट आहे: बाळ बरोबर असताना ती घेऊ नका. अशा सहली वाईट असतात असे नाही, आणि परक्या देशात कोणीतरी सगळे पाहणारे असावे व संध्याकाळी वरणभात मिळावा ही सासऱ्यांची अपेक्षा अगदी रास्त आहे. पण पाच देश दहा दिवसांत म्हणजे जवळजवळ रोज नाहीतर एक दिवसाआड नवे हॉटेल, सकाळी सात-साडेसातला सामान बसपाशी, आणि मग तासन्‌तास बसचा प्रवास. बाळाने नेमकी त्याच वेळी लंगोट खराब केला तर पस्तीस-चाळीस माणसे खोळंबतात. ती काही बोलत नाहीत, पण तुम्ही दिवसभर अवघडून जाता. रेल्वेत मात्र बाळाला घेऊन उठता येते, फिरता येते. लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये स्वच्छतागृहात लंगोट बदलायची फळी असते आणि काही दुमजली गाड्यांच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांना खेळायला खास डबाच असतो. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. मोटार भाड्याने घेण्याचा विचार असेल तर तेथे बाळासाठी वेगळे सुरक्षा आसन कायद्याने लागते हे ध्यानात असू द्या. रेल्वेत तीही कटकट नाही.

म्हणून देश एकच ठेवा आणि मुक्काम दोनच: पहिले पाच दिवस ल्युसर्न, उरलेले इंटरलाकेन. झुरिकच्या विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे आणि तेथून ल्युसर्न तासाभरावर आहे. ल्युसर्नहून इंटरलाकेनला ब्र्युनिग खिंडीतून जाणारी थेट गाडी साधारण दोन तास घेते, आणि तो प्रवास हेच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. मला स्वतःला इंटरलाकेनपेक्षा डोंगरावरचे, मोटारी नसलेले वेंगेन अधिक आवडते. पण तेथल्या गल्ल्या चढणीच्या आहेत, आणि तुमच्याबरोबर वडीलधारी माणसे व बाबागाडी दोन्ही आहेत. इंटरलाकेन सपाट आहे, रुग्णालय गावातच आहे, भारतीय खानावळी हाकेच्या अंतरावर आहेत आणि दोन्ही बाजूंना तळी आहेत. वेंगेनला तेथून एका दिवसासाठी जाऊन येता येते. दोन्हीकडे हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले छोटे घर भाड्याने घ्या. सासऱ्यांची जेवणाची काळजी टूर कंपनीपेक्षा त्या स्वयंपाकघरातला कुकर अधिक चांगली दूर करील. रेल्वे, बोटी आणि रिगी यांचा खर्च स्विस ट्रॅव्हल पासमध्ये येतो आणि टिटलिसला त्यावर निम्मी सवलत मिळते. चार मोठ्या माणसांचे तिकीट काढताना हिशोब करून पाहावा.

दिवसाची आखणी कशी करावी, हा खरा कळीचा भाग आहे. जूनमध्ये स्वित्झर्लंडचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. बाळ घरी सकाळी सातला उठत असेल तर पहिल्या दिवशी ते तेथे पहाटे साडेतीनला उठेल आणि संध्याकाळी पाचलाच पेंगू लागेल. त्याच्याशी भांडू नका. जूनमध्ये तेथे साडेपाचच्या सुमाराला उजाडते, आणि ल्युसर्नचा चौदाव्या शतकातला लाकडी कापेलब्र्युके पूल सकाळी सहाला जवळजवळ रिकामा असतो, तर अकरा वाजता त्यावर बाबागाडी फिरवायलाही जागा नसते. 1993 च्या आगीत या पुलाचा मोठा भाग आणि छताखालची बरीच जुनी चित्रे जळाली. काळवंडलेल्या काही चौकटी पाहायला तुम्हाला त्या वेळी निवांतपणा मिळेल. तीन-चार दिवसांत बाळाचे घड्याळ आपोआप पुढे सरकते, आणि तेव्हाच टिटलिस किंवा रिगीचा दिवस धरावा. पहिल्या दोन दिवसांत तळ्याकाठी फिरणे, बोटीची एक छोटी फेरी आणि झोप याहून अधिक काही ठरवू नये. संध्याकाळी नवापर्यंत लख्ख उजेड असतो, त्यामुळे झोपण्याच्या खोलीला जाड पडदे किंवा झडपा आहेत ना, हे घर ठरवतानाच विचारून घ्यावे.

पुढे रोजचा नियम एवढाच असावा की मोठे ठिकाण दिवसाला एकच, आणि तेही सकाळी. दहा महिन्यांचे बाळ साधारणतः दिवसातून दोनदा झोपते. सकाळची झोप बाबागाडीत किंवा रेल्वेत होऊ द्यावी, दुपारची मात्र घरी, अंथरुणावर. दुपारी एक जण बाळाजवळ थांबेल आणि बाकीचे बाहेर पडतील. ही पाळी रोज बदलावी आणि निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावी. सासूबाईंनाही त्या पाळीत घ्या. अनेक आज्यांना नातवाजवळ शांतपणे पडून राहायला मनापासून आवडते, पण "तुम्ही फिरायला आलात, तुम्ही कशाला थांबता" असे म्हणून सुनाच त्यांना ते करू देत नाहीत.

लाउटरब्रुनेनचे खोरे तुम्ही पाहालच. तेथे श्टाउबबाख हा सुमारे 300 मीटरचा धबधबा गावातल्या रस्त्यावरूनच दिसतो आणि खोऱ्यातली वाट सपाट आहे. त्याच खोऱ्यात डोंगराच्या आत कोसळणारा ट्रुमेलबाख धबधबा आहे. परंतु चार वर्षांखालील मुलांना तेथे सुरक्षेसाठी प्रवेशच नाही, अंगावर बांधून नेलेल्या बाळालाही नाही. हे दारात पोहोचल्यावर कळले की चिडचिड होते, म्हणून आधीच सांगून ठेवते. तेथेही आळीपाळीने जाता येईल.

बाळाच्या खाण्याबाबत सासूबाईंची एक अडचण मला आत्ताच दिसते आहे. भारतातून स्वित्झर्लंडमध्ये दूध, तूप, खवा, पेढे असे दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, तेव्हा घरचे तूप घरीच राहू द्या. तेथल्या मिग्रो किंवा कोप या दुकानांमध्ये 'ब्राटबुटर' नावाने कढवलेले लोणी मिळते. ते आपल्या तुपाच्या अगदी जवळचे असते आणि बाळाच्या मऊ भातावर चालते. नाचणी सत्व आणि तांदूळ-मूगडाळ भाजून, भरडून केलेले खिमटीचे पीठ मात्र बरोबर न्यावे. ताजी फळे-भाज्या नेऊ नयेत, तेथे घ्याव्यात. बाळांसाठीच्या तयार खाण्याच्या बरण्या चांगल्या असतात, पण तुम्ही शाकाहारी असाल तर लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका: 'फ्लाइश' म्हणजे मांस, 'रिंड' म्हणजे गोमांस, 'हून' म्हणजे कोंबडी. भाज्यांच्या बरणीसारखे चित्र असूनही आत मांस असू शकते. एक वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये, मग तो आल्प्समधल्या फुलांचा कितीही शुद्ध असो आणि घरातल्या कोणीही आग्रह करो. नळाचे पाणी पिण्यास उत्तम असते. दुधाच्या पावडरीसाठी ते उकळून घ्यावे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली तेवढी उघडी असतात. त्यामुळे शनिवारी दुपारपर्यंत डायपर आणि दूध घरात असायला हवे. अंगावर पाजण्यासाठी आडोसा शोधत बसण्याची तेथे गरज नाही. बाकावर बसून, ओढणी घेऊन पाजले तर कोणी वळूनही पाहत नाही.

सामानात बाबागाडी हलकी, एका हाताने मिटणारी असावी, आणि जिने व गर्दी यांसाठी अंगावर बांधायची पिशवीही असावी. एकाने काम भागत नाही. कपडे एकावर एक घालता येतील असे पातळ आणि मऊ घ्या. जूनमध्ये तळ्याकाठी उकडते आणि रिगीवर कुंचीची आठवण येते. झोपायला घरमालकाकडून बाळाची खाट मागून घ्या. तेथल्या जाडजूड रजया बाळाच्या अंगावर घालू नका, ते आपल्या दुपट्यातच बरे. नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, तापाचे औषध, जलसंजीवनी आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. रुग्णवाहिकेसाठी तेथे 144 हा क्रमांक लागतो.

निघण्यापूर्वीच्या कामांत एक तारीख महत्त्वाची आहे. बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराची लस द्यायची असते. युरोपातही गोवराच्या साथी येतात, आणि लशीचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून ती "आल्यावर देऊ" असे करू नका, नऊ महिने पूर्ण होताच द्या. बाळाला स्वतंत्र पासपोर्ट आणि स्वतंत्र शेंगेन व्हिसा लागतो. सहा वर्षांखालील मुलांना व्हिसाचे शुल्क नाही आणि बोटांचे ठसेही द्यावे लागत नाहीत, पण प्रवासविमा प्रत्येकाचा हवा, किमान 30,000 युरोचा. पासपोर्ट अजून काढला नसेल तर आधी तेच करा. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. त्यातली पुढच्या भिंतीलगतची, बाळाचा पाळणा अडकवता येतो अशी जागा तिकीट काढतानाच मागून ठेवावी; त्या पाळण्याला वजनाची मर्यादा असते, तीही विचारून घ्यावी.

तुमच्या माहेरच्यांचे एक म्हणणे खरे आहे. बाळाला यातले काही आठवणार नाही. छायाचित्रे दाखवून पुढे सांगता येईल, एवढेच. हा प्रवास बाळासाठी नाहीच; तो सासऱ्यांसाठी, सासूबाईंसाठी, यजमानांसाठी आणि तुमच्यासाठी आहे, आणि बाळ सोबत येत आहे कारण ते तुमच्या घरात राहते. हे मोकळेपणाने मान्य केले की बाळाला "दाखवण्यासाठी" म्हणून कोठेही न्यावे लागत नाही. टूर रद्द करण्याचे सासऱ्यांशी बोलताना बाळाचे कारण पुढे करू नका. तसे केले तर नातवामुळे आपली सहल लहान झाली असे त्यांना वाटत राहील. त्यांच्यासमोर नकाशा ठेवा, रिगीची बोट आणि दातेरी रेल्वे दाखवा, आणि रोजचे वेळापत्रक पाहण्याचे काम त्यांच्याकडेच द्या. स्विस रेल्वेची वेळापत्रके हा निवृत्त माणसाला गुंतवून ठेवणारा विषय आहे.

प्रवास वर्षभर पुढे ढकलावा का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, अर्थात डॉक्टरांची हरकत नसेल तर. पुढच्या जूनमध्ये बाळ बावीस महिन्यांचे असेल. त्याला बाबागाडीत बसायचे नसेल, बोटीच्या कठड्यावर चढायचे असेल आणि रेल्वेत पळायचे असेल, आणि दोन वर्षे पूर्ण होण्याच्या बेतात असल्याने विमानात मांडीवर बसण्याचे वयही संपत आलेले असेल. दहा महिन्यांचे बाळ जिथे ठेवाल तिथे बहुतांशी राहते, अंगावर पिते आणि कोणाच्याही खांद्यावर झोपते. तुमच्या सासऱ्यांचेही वय एक वर्षाने वाढेल. त्यामुळे या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची भेट घ्या, त्यांनी होकार दिला की टूर कंपनीला नकार कळवा, आणि ट्रुबसेच्या तळ्याकाठी आधी कोण थांबणार हे यजमानांकडून आजच वदवून घ्या.